कात्री, खळ आणि पुढचं आयुष्य

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात, गरीब वस्त्यांतली मुलं जिथे शिकतात अशा काही शाळांमध्ये मानसशास्त्रज्ञ डाफ्ना ऑयसरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठवीच्या मुलांसाठी एक उपक्रम चालवला होता. आठवीनंतर ही मुलं हायस्कूलला जाणार होती. शाळा बदलणार, सोबती बदलणार, आणि अभ्यासातून पाय निसटण्याची भीती जास्त असते तीही याच टप्प्यावर. सुरुवातीच्या एका तासाला मुलांसमोर मोठ्या माणसांचे पुष्कळ फोटो ठेवले जात. कुणी कामावर आहे, कुणी घरच्यांबरोबर, कुणी वस्तीसाठी काही करतंय. मोठेपणी आपण असे असू, असं ज्यात दिसेल ते फोटो उचलायचे आणि बाकीच्यांना दाखवायचे. पुढच्या एका तासाला आजपासून त्या मोठेपणापर्यंत कागदावर एक रेघ ओढायची. त्या रेघेवर दोन गोष्टी दाखवायच्याच: एक फाटा, म्हणजे जिथे निवड आपली आपल्याला करायची आहे ती जागा, आणि एक अडथळा, म्हणजे पैसे संपले, घर सोडावं लागलं, कातडीचा रंग पाहून कुणी दार लावून घेतलं. त्याच्याही पुढच्या तासांमध्ये पुढच्या वर्षी आपण काय व्हायला हवं, काय होता कामा नये आणि त्यासाठी आत्ता काय करतोय, हे जुळवून पाहायचं.

या कामावरचा शोधनिबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षं पाठपुरावा करून काढलेले निष्कर्ष त्यात आहेत. उपक्रमात बसलेल्या मुलांचे गुण सुधारले, गैरहजेरी कमी झाली, उदासपणाही उतरला.

हल्ली घरोघरी, ऑफिसांत आणि शिबिरांत ज्याला ‘व्हिजन बोर्ड’ म्हणतात, त्याचा सगळ्यात शहाणा अवतार मला या वर्गांमध्ये दिसतो. एरवी आपण बोर्ड करतो तो पहिल्या तासापुरताच. फोटो निवडले, कापले, चिकटवले, भिंतीवर लावले. रेघ, फाटा आणि अडथळा राहूनच जातात. नोकरी सुटलेल्या, निवृत्त झालेल्या, जोडीदार गमावलेल्या किंवा देश सोडून आलेल्या माणसाला गरज असते ती नेमकी या राहून गेलेल्या भागाची.

आपल्याला माहीत असलेला बोर्ड जगभर पसरला तो २००६ मध्येच. ऑस्ट्रेलियातल्या दूरचित्रवाणी निर्मात्या ऱ्हॉन्डा बर्न यांचा ‘द सीक्रेट’ हा चित्रपट त्या वर्षी आला, पाठोपाठ पुस्तकही. त्या चित्रपटात जॉन अ‍ॅसराफ नावाचे उद्योजक सांगतात की, आपण पूर्वी बोर्डावर एका घराचं चित्र लावलं होतं, आणि काही वर्षांनी खोक्यातून तो बोर्ड काढून पाहिला तर आपण नेमक्या त्याच घरात राहत होतो. ही गोष्ट ऐकून असंख्य लोकांनी कात्री हातात घेतली. चित्राकडे बघत राहिलं की ती वस्तू आपल्याकडे ओढली जाते, हा तिच्यामागचा विचार मात्र बराच जुना. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत ‘न्यू थॉट’ नावाची चळवळ होती. त्या परंपरेतले विल्यम वॉकर अ‍ॅटकिन्सन यांनी १९०६ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच ‘लॉ ऑफ अ‍ॅट्रॅक्शन’ हे शब्द आहेत.

हा नियम वगैरे काही नाही, हे स्पष्टच सांगितलं पाहिजे. चित्र वस्तूला ओढत नाही. आणि ओढतं असं मानण्यात एक क्रूरपणा आहे. नोकरी गेलेल्या माणसाला सहा महिने काम मिळालं नाही की मग दोष त्याच्या विचारांवर येतो: ‘तुम्ही पॉझिटिव्ह राहिला नाहीत.’ आधीच खचलेल्या माणसाच्या पदरात हे घालणं मला अजिबात मान्य नाही.

इच्छेला आकार देऊन ती समोर ठेवण्याची ओढ मात्र खरी आहे, आणि आपल्या मातीत तर ती फार जुनी आहे. सप्टेंबरमध्ये वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा भरते. तिथल्या दुकानांवर मेणाची घरं मिळतात, मेणाची बाळं, हात, पाय. ज्याला जे हवं त्याने त्या आकाराचं मेण घ्यायचं आणि मातेला वाहायचं. रांगेत सगळ्या धर्मांची माणसं असतात. डोंगरावरच्या कितीतरी देवस्थानांच्या वाटेवर दगडावर दगड रचलेली इवली घरं दिसतात. ज्याला स्वतःचं घर हवं असतं तो जाता जाता चार दगड रचून जातो. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते म्हणून पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवायची पद्धत आहे, तीही याच कुळातली. यातल्या नवसाचं मला एक विशेष वाटतं. नवसाला दुसरी बाजू असते. मागताना आपण काय करू हेही बोलायचं असतं, आणि बोललेलं फेडावं लागतं. व्हिजन बोर्डात ही बाजू येतच नाही.

ती नसल्याने काय होतं, यावर गॅब्रिएले ओटिंगन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बरीच वर्षं काम केलं. त्यांनी न्यूयॉर्क आणि हॅम्बुर्गच्या विद्यापीठांत शिकवलं आहे. थॉमस वॉडन यांच्याबरोबर त्यांनी केलेला अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन कमी करण्यासाठी वर्षभराच्या उपचारात आलेल्या २५ स्त्रियांना त्यांनी सुरुवातीलाच दोन वेगळ्या गोष्टी विचारल्या. आपलं वजन उतरेल असं वाटतं का? आणि उतरल्यानंतरचे प्रसंग मनात कसे दिसतात? उतरेल असा भरवसा असलेल्यांचं वजन जास्त उतरलं. पण ज्यांच्या मनातली चित्रं अतिशय गोड होती, मैत्रीण बघून थक्क झाली आहे, समोर खाऊ ठेवलाय आणि आपण सहज नको म्हणतोय, त्यांचं वजन बाकीच्यांपेक्षा सरासरी ११ किलोंनी कमी उतरलं. भरवसा आणि स्वप्नरंजन या दोन गोष्टी आपण एकाच खिशात ठेवतो. त्यांचे परिणाम मात्र उलट्या दिशांचे निघाले. पुढे नोकरी शोधणाऱ्या जर्मन पदवीधरांबाबतही तसंच दिसलं. उत्तम नोकरी लागल्याची चित्रं मनात रंगवणाऱ्यांनी अर्जच कमी केले होते. दोन वर्षांनी त्यांच्या हाती कमी नोकऱ्या आल्या होत्या आणि पगारही कमी होता.

कारण काय असावं? २०११ मध्ये हेदर कॅप्स आणि ओटिंगन यांनी त्याचा एक धागा पकडला. सुखाची चित्रं रंगवल्यानंतर माणसाचा वरचा रक्तदाब थोडा खाली येतो. काम हातात घेताना शरीर जो जोर गोळा करतं, तो गोळा होण्याआधीच सैल पडतो. मनाने ती गोष्ट मिळाल्याचं सुख आधीच चाखलेलं असतं. संध्याकाळी थकून आल्यावर बोर्डासमोर बसून बरं वाटतं ते खोटं नाही. बरं वाटतं आणि अंग सैल होतं, आणि दुसऱ्या दिवशी करायचा फोन राहून जातो.

लीन फाम आणि शेली टेलर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे फार उपयोगी पडतो. परीक्षा जवळ आलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना रोज काही मिनिटं असं डोळ्यांसमोर आणायला सांगितलं की निकाल लागलाय, आपल्याला उत्तम गुण आहेत, आपण आनंदात आहोत. काहींना निराळं चित्र दिलं: आपण टेबलाशी बसलोय, टीव्ही बंद केलाय, धडा उघडलाय. या दुसऱ्या गटाने अभ्यास जास्त केला, त्यांचं नियोजन सुधारलं, धास्ती कमी झाली आणि गुणही वाढले. निकालाचं चित्र पाहणाऱ्यांना तितका फायदा दिसला नाही. पुण्यात पेठांमधल्या अभ्यासिकांत टेबलावर पदाचं नाव मोठ्या अक्षरात चिकटवून बसलेली स्पर्धा परीक्षांची मुलं पाहिली की मला हा प्रयोग आठवतो. पदाच्या नावाशेजारी रोजच्या सकाळचं चित्र लावलं तर ते त्यांच्या जास्त कामी येईल, असं मनापासून वाटतं.

मोठी इच्छा लिहून ठेवण्यात गैर काही नाही. विज्ञानकथा लिहिणाऱ्या ऑक्टेव्हिया बटलर यांची १९८८ सालची एक वही कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात जपलेली आहे. तिच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला त्यांनी आपली पुस्तकं सर्वाधिक खपाच्या यादीत जातील असं ठामपणे लिहून ठेवलं होतं. पैसे आले की आईला उत्तम वैद्यकीय उपचार मिळवून द्यायचे, गरीब कृष्णवर्णीय मुलांना लेखनाच्या कार्यशाळेला पाठवायचं, हेही तिथेच लिहिलं होतं. पण हा मजकूर ज्या कागदपत्रांत आहे ती सगळी कामाने भरलेली आहेत. कारखान्यांत, गोदामांत मिळेल ती नोकरी करायची आणि पहाटे दोनला उठून लिहायचं, असे दिवस त्यांनी काढले होते. यादीचं म्हणाल तर २०२० मध्ये त्यांची कादंबरी न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत आली, त्यांच्या मृत्यूनंतर १४ वर्षांनी.

आता वळणाकडे येऊ. स्थिर चाललेल्या आयुष्यात बोर्ड करणं आणि आयुष्य मोडून पुन्हा बांधताना तो करणं, यात फरक आहे, आणि शिबिरं घेणारे बहुतेक जण तो लक्षातच घेत नाहीत. विल्यम ब्रिजेस हे साहित्याचे प्राध्यापक. कॉलेजची नोकरी सोडल्यावर आपल्यासारख्याच अधांतरी लोकांबरोबर काम करता करता त्यांनी १९८० मध्ये ‘ट्रान्झिशन्स’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की बदल बाहेर घडतो आणि एका दिवसात घडतो. मनाचं स्थित्यंतर मागून येतं आणि त्याची सुरुवात शेवटापासून होते. आधी काहीतरी संपल्याचं मान्य करावं लागतं. मग येतो मधला काळ, ज्यात जुनं सुटलेलं असतं आणि नवं हाती आलेलं नसतं. नवी सुरुवात त्याच्यानंतर. नॅन्सी श्लॉसबर्ग यांनी यात आणखी एक मोलाची भर घातली: जे घडेल असं धरून चाललो होतो आणि घडलंच नाही, मूल झालं नाही, बढती आली नाही, लग्न ठरलं नाही, हेही स्थित्यंतरच. त्यासाठी भेटायला कुणी येत नाही.

मधल्या काळाची ही जाण फ्रान्समधल्या आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ मध्येच मांडली होती. जगभरचे संस्कारविधी तपासून ते म्हणाले की माणूस एका अवस्थेतून दुसरीत जाताना आधी वेगळा काढला जातो, मग उंबरठ्यावर थांबवला जातो आणि मग आत घेतला जातो. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. हळद लागली की नवरा-नवरीने घराबाहेर पडायचं नाही. बाळंतिणीला सव्वा महिना. सुतकाचे दहा दिवस, मग बारावं, तेरावं. त्या दिवसांत तुमच्याकडून कुणी कशाची अपेक्षा करत नाही, आणि ते कधी संपणार हेही ठरलेलं असतं.

पण निवृत्तीला काय आहे? एका संध्याकाळी शाल, श्रीफळ, चार भाषणं आणि ग्रुप फोटो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जाग येते आणि डबा करायचा नसतो. घटस्फोटाला काय आहे? कोर्टाचा कागद. नोकरी गेल्यावर एक ई-मेल. मुलं शिकायला परदेशी गेली की विमानतळावरचा फोटो. जिथे आपल्या पूर्वजांनी विधी रचून ठेवले नाहीत अशी वळणं आजच्या आयुष्यात फार वाढली आहेत. बोर्ड करण्याची खरी किंमत मला इथे दिसते. उंबरठ्यावर थांबलेल्या माणसाच्या हाताला तो काम देतो. पुढचं आयुष्य ओढून आणणं त्याच्या हातात नाही. मी आता कोण, माझ्यातलं काय संपलं, काय उरलंय आणि काय उगवू पाहतंय, हे डोळ्यांसमोर मांडायला तो जागा देतो.

शब्दांत विचारलं तर अशा काळात माणसाला उत्तर देता येत नाही. ‘आता पुढे काय?’ या प्रश्नाने घशात आवंढा येतो. चित्रं चाळताना मात्र हात कुठेतरी थांबतो. लॉस एंजेलिसच्या कला-उपचारतज्ज्ञ हेलन लँडगार्टन मासिकांतल्या चित्रांची कात्रणं वापरून लोकांना बोलतं करत. त्यावर त्यांचं पुस्तक १९९३ मध्ये आलं. चित्र काढायचं म्हटलं की ‘मला येत नाही’ म्हणून माणूस मागे सरतो. कापायला सगळ्यांनाच येतं. आणि एखाद्याने रिकाम्या खुर्चीचं चित्र का उचललं, यावरून जे बोलणं निघतं ते थेट विचारून निघालं नसतं.

कात्रणांचा एक धोका आहे. मासिकातलं प्रत्येक देखणं चित्र कुणीतरी काही विकण्यासाठी काढलेलं असतं. आता तर लोक बोर्ड मोबाइलवरच करतात आणि शोधल्यावर पडद्यावर येतात ती सगळ्यांसाठी तीच चित्रं: समुद्राकाठी योग करणारी बाई, पांढरं स्वयंपाकघर, लॅपटॉपशेजारी कॉफीचा मग. ओळखीतल्या एक मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या सुनेने त्यांना हौसेने बोर्ड करायला बसवलं. त्यांचा पहिला बोर्ड मी पाहिला. हिमालय, कोकणातला बंगला, स्वित्झर्लंडची आगगाडी. पुन्हा गेले तेव्हा तो भिंतीवर नव्हता. ‘अगं, ते सगळं मासिकांनी निवडलं होतं,’ बाई म्हणाल्या, ‘मी फक्त कापलं.’

नवा बोर्ड त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर केला होता. डाव्या कडेला त्यांच्या टेबलावरची नावाची पाटी होती. पाटी नव्हे, तिचा मोबाइलवर काढलेला फोटो, खाली निवृत्तीची तारीख. मधोमध त्यांच्या वडिलांच्या पेटीचा फोटो. पेटी माहेरी माळ्यावर पडून होती आणि तिच्या दोन पट्ट्या वाजत नव्हत्या, असं त्यांनी शेजारी पेन्सिलने लिहिलं होतं. त्याखाली पेटी दुरुस्त करणाऱ्याचं कार्ड. बाजूला माहेरच्या गावाचं एसटीचं तिकीट, परतीचंही. उजव्या कोपऱ्यात फिजिओथेरपीच्या वेळांचा कागद, कारण पेटीसमोर मांडी घालून बसायला गुडघा तयार नव्हता. आणि वरचा जवळजवळ तळहाताएवढा भाग कोरा. मी त्याकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. ‘तिथे काय येणार ते अजून कळलेलं नाही. राहू दे,’ म्हणाल्या.

मानसशास्त्राचं एकही पुस्तक न उघडता बाईंनी अचूक बोर्ड केला होता. संपलं ते डाव्या कडेला होतं. हवं ते मध्ये, आणि त्यातही शेवटचा सोहळा नव्हता, दुरुस्तीला टाकायची वस्तू होती. अडथळा गुडघ्याच्या रूपाने हजर होता आणि त्यावर काय करायचं याच्या वेळा त्याच कागदावर होत्या. ओटिंगन यांनी पुढे जी पद्धत मांडली तिचा क्रम हाच: आधी इच्छा, ती पुरी झाल्यावर काय वाटेल ते मनापासून पाहायचं, मग आपल्याच आतली कोणती गोष्ट आड येते ते पाहायचं, आणि मग ती आड आली की नेमकं काय करायचं ते ठरवायचं. हा क्रम उलटा केला तर तोच परिणाम मिळत नाही. शेवटच्या पायरीसाठी त्यांचे पती पेटर गोल्वित्झर यांचं काम आधाराला आहे. ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ अशा साध्या वाक्यात ठरवलेली गोष्ट नुसत्या निश्चयापेक्षा जास्त वेळा पार पडते, असं त्यांच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं. म्हणून बोर्डावर चित्राखाली एक ओळ लिहावी: ‘सकाळी चहा झाला की आधी एक अर्ज, मग पेपर.’ ‘एकटं वाटायला लागलं की चपला घालायच्या आणि ग्रंथालयापर्यंत जाऊन यायचं.’

भीतीलाही बोर्डावर छोटी जागा द्यावी असं मी म्हणेन. हेझल मार्कस आणि पॉला न्यूरियस यांनी १९८६ मध्ये ‘संभाव्य स्व’ ही कल्पना मांडली, तेव्हा व्हावंसं वाटणारं आपलं रूप आणि होऊ नये असं वाटणारं रूप, दोन्ही त्यांनी धरली होती. दिवसभर टीव्हीसमोर बसलेले आपण, पैशासाठी भावाकडे हात पसरणारे आपण. हे चित्र चिकटवायचं नसेल तर मागच्या बाजूला लिहावं. पण असावं.

काही वेळा बोर्ड करूच नये. नवरा जाऊन महिना झालेल्या बाईच्या हातात कुणी ‘नवं आयुष्य रंगव’ म्हणून कात्री देऊ नये, मग देणाऱ्याची माया कितीही खरी असो. शेवट अजून चालू आहे. त्याला त्याचा वेळ लागतो. अशा वेळी फार तर जुने फोटो लावत बसावं, कुणाबरोबर तरी, चहा घेत. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर कागद-चित्रं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं.

आणि चित्रं उतरवायचीही असतात. ओटिंगन यांच्या कामातला मला सगळ्यात दिलासा देणारा भाग हा आहे की इच्छा आणि अडथळा समोरासमोर ठेवले की काही इच्छा माणूस आपणहून सोडतो. जे खरंच आवाक्यात नाही तिथून मन मोकळं होतं आणि जोर दुसरीकडे लावता येतो. म्हणून बोर्ड कायमचा डिंकाने चिकटवू नये. टाचण्या किंवा साधी खळ बरी. मागे तारीख घालावी. दिवाळी पाडव्याला, गुढीपाडव्याला किंवा स्वतःच्या वाढदिवसाला तो खाली घेऊन बघावा. वर्षाच्या सुरुवातीला, महिन्याच्या पहिल्या तारखेला, सोमवारी माणसं नव्या जोमाने कामाला लागतात, हे हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये दाखवलं आहे, तेव्हा मुहूर्ताचा फायदा घ्यायला हरकत नाही. उतरवलेली चित्रं टाकू नयेत. एका पाकिटात घालून ठेवावीत. बाईंच्या पाकिटात हिमालय अजून आहे. गुडघा बरा झाला तर पुढच्या पाडव्याला तो परत वर येईल, आणि तेव्हा त्याच्याखाली तिकिटाची तारीख लागेल, असं त्यांनी सुनेला सांगून ठेवलंय.